रानसफरचंदाच्या लेकी-नातींची तोड थांबवण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
फळझाड संशोधन केंद्र,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : उत्तरेकडील तुकड्यातील रानसफरचंदाच्या वंशाची झाडे येत्या सोमवारी न तोडण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा तोडीचा आदेश.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
३) त्या तीन अर्जांना मिळालेली, एकमेकांशी न जुळणारी तीन उत्तरे.

महोदय,

मी या केंद्राच्या पैदास विभागात उभी हयात नोकरी केलेली, आता निवृत्त झालेली कर्मचारी आहे. फळझाडांच्या दोन जातींचा संकर करून तिसरी, अधिक चांगली जात काढणे हे माझे काम होते. येत्या सोमवारी सकाळी ठेकेदाराचे यंत्र उत्तरेच्या तुकड्यात शिरणार आहे हे मला आपल्या कार्यालयाने कळवले नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने कळवले. "बाई, तुमच्या झाडांना आता देवच वाचवो, नाहीतर साहेब," असे तो म्हणाला. त्यातल्या दुसऱ्या पर्यायाकडे मी हा अर्ज घेऊन आले आहे.

आधीचे तीन अर्ज टपालाने पाठवले होते. हा चौथा हातात घेऊन आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसले आहे. आज शुक्रवार. उद्या-परवा कार्यालय बंद. सून सोबत आली आहे. मसुदा वाचून ती म्हणाली, "आई, साहेबांना झाडांची एवढी नाती कळायची नाहीत, थोडक्यात आटपा." पण ती नाती कळल्याशिवाय ही झाडे का तोडू नयेत हेही कळणार नाही, म्हणून थोडे पाल्हाळ लावते आहे. पोटात घालावे.

१. प्रथम किडीविषयी. सफरचंदावर लोकरी मावा पडतो. लांबून पाहिले तर फांदीवर कोणी कापसाचे बोळे चिकटवले आहेत असे वाटते. बोळा चिरडला की बोट तांबडे होते, कारण आत शेकडो बारीक किडे फांदीत सोंड खुपसून बसलेले असतात. ते रस पितात, फांदीला गाठी येतात आणि झाड वर्षानुवर्षे खंगत जाते. फवारणी केली तर वरचा मावा मरतो. पण त्याची निम्मी बिऱ्हाडे जमिनीखाली मुळांवर असतात आणि तिथे फवारा पोचत नाही. हवा जरा उबदार झाली की ती बिऱ्हाडे पुन्हा वर चढतात. म्हणजे फवारणी हा उपाय नाही, उसना घेतलेला वेळ आहे.

२. आमच्या विभागाचे पहिले प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, एकदा डोंगरउतारावर एका ओसाड बागेत शिरले. बागेतली सगळी झाडे माव्याने पांढरी पडली होती. त्यांच्यातच फांद्या गुंतवून एक रानसफरचंद उभे होते आणि ते मात्र कोरे होते. फळ बोराएवढे आणि इतके तुरट की चावल्यावर तोंड आवळून यावे. सरांनी त्याच्या काड्या टोपीत गुंडाळून आणल्या आणि उत्तरेच्या तुकड्याच्या कोपऱ्यात त्याचे कलम केले. तो डोंगरउतार आता राहिलेला नाही, तिथे दगडाची खाण आहे. त्यामुळे आज कोपऱ्यात उभे असलेले ते झाड म्हणजे त्या रानाची शेवटची खूण होय.

खुरपणीला येणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी ते फळ एकदा चाखून पाहिले, थुंकले आणि म्हणाल्या, "कडवट तोंडाची, काटक, अन् कुणाला जवळ फिरकू देत नाही. ही तर माझी सासू." तेव्हापासून त्या झाडाचे नाव सासूबाई पडले. मोठे सरसुद्धा सकाळी आल्या आल्या विचारायचे, "सासूबाईंना फुलोरा आला का?" मी नवीन होते. पहिल्या आठवड्यात मला वाटले, सरांच्या घरी कोणी आजारी आहे. मी फार गंभीर चेहऱ्याने चौकशी केली होती.

३. आता आमच्या कामाची रीत सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला आहे. रानातल्या सोयऱ्याचा कणखरपणा घ्यायचा आणि त्याचा तुरटपणा सोडायचा, असा हा उद्योग. गोड जातीची कळी उमलण्याआधी चिमट्याने उघडायची, तिच्यातले पुंकेसर काढायचे, सासूबाईंचा पराग कुंचल्याने लावायचा आणि वर कागदी पिशवी बांधायची. आमचे हे घड्याळे दुरुस्त करीत. त्यांनी लग्नात मला दागिना म्हणून नव्हे, पण दागिन्यासारखाच मखमलीत ठेवून एक बारीक चिमटा दिला होता. त्या लग्नाची तारीख फुलोऱ्यात येत होती म्हणून मी ती पुढे ढकलायला लावली होती. माझे काका वडिलांना म्हणाले होते, "आधी झाडाचं लग्न लावून घ्या, मग पोरीचं बघू." तसेच झाले.

त्या पहिल्या संकराच्या लेकी मोठ्या होऊन फळायला सहा-सात वर्षे लागली. फळ निघाले कवडीएवढे, सासूबाईंच्या वळणावर गेलेले. त्यांची सोयरीक दुसऱ्या गोड जातीशी केली. त्यांच्या लेकी वाढवल्या, त्यांची सोयरीक तिसऱ्या जातीशी. असे करत करत आम्ही पणतीपर्यंत आलो. दर पिढीत निम्म्या रोपांत सासूबाईंचे ते एक जनुक उतरते आणि निम्म्यांत उतरत नाही. कोणत्या रोपात उतरले हे पान पाहून डोळ्यांना कळत नाही. ते फक्त किडीला कळते. मोठे सर म्हणत, "आपल्या विभागाचा खरा परीक्षक मावा आहे, आपण नुसते पेपर वाटणारे."

४. परीक्षक ठेवायचा तर त्याला जेवू घालावे लागते. म्हणून आम्ही रानवंशाच्या दर दोन ओळींच्या मध्ये एक ओळ माव्याला अतिशय आवडणाऱ्या, बाजारात नाव असलेल्या गोड जातीची लावली. तिच्यावर मुद्दाम कधीही फवारणी केली नाही. तिथे मावा वर्षभर सुखाने नांदे, तिथून डाव्या-उजव्या ओळींवर जाई, आणि ज्या रोपावर टिके ते आम्ही काढून टाकू. या ओळींना आम्ही खानावळ म्हणत असू. शेजारी खानावळ भरून वाहत असताना ज्या झाडावर एकही बोळा दिसत नाही, तेच झाड आमचे. उत्तरेच्या तुकड्यात आज जी रानवंशाची झाडे आहेत ती या खानावळीला खेटून वाढली आणि कोरी राहिली. याहून मोठी परीक्षा मला ठाऊक नाही.

५. गेल्या उन्हाळ्यात केंद्राला 'कीडमुक्त' प्रमाणपत्र मिळावे म्हणून तपासणी समिती आली. समितीतले सदस्य सभ्य होते, मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी उत्तरेच्या तुकड्यात पाऊल टाकले आणि त्यांच्या समोर आली खानावळ. पांढरीफटक, गाठाळलेली, कित्येक वर्षे न फवारलेली. तिथे कोणाही शहाण्या माणसाने जो निष्कर्ष काढला असता तोच त्यांनी काढला. संपूर्ण तुकडा कीडग्रस्त ठरवून तो तोडावा अशी शिफारस झाली. किडीविरुद्ध लढणारी झाडे जिथे तयार होतात ती एकच जागा कीडमुक्तीच्या आड आली. तिथे कीड का आहे हे सांगणारे आमच्यापैकी त्या दिवशी कोणी हजर नव्हते. मोठे सर नाहीत, कलमे बांधणारे दादा नाहीत, मावशी नाहीत. मी आहे, पण मला कोणी बोलावले नव्हते.

६. माझ्या पहिल्या अर्जात मी हे सारे लिहिले आणि तोड थांबवण्याची विनंती केली. अर्जाची दखल फार तत्परतेने घेण्यात आली. 'तुकड्यातील किडीबाबत अर्जदाराने व्यक्त केलेल्या चिंतेच्या अनुषंगाने' संपूर्ण तुकड्यावर दोनदा फवारणी करण्यात आली. मला उत्तर आले की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. ते पत्र मी घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवले. मुलाने विचारले, "आई, नाही म्हणाले का?" मी म्हटले, "नाही रे, हो म्हणाले."

७. फवारणीनंतर खानावळीवरचा मावा धुऊन गेला. ती मुळातली उत्तम जात. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास मिळाला आणि ती अशी तरारली की बघत राहावे. पाने तकतकीत, फळे मुठीएवढी लालबुंद. शेजारी आमच्या पणत्या. त्यांचे फळ चवीला आता चांगले आहे, तुरटपणा गेला आहे, पण आकाराने लिंबाच्या थोडे पुढे, आणि सालीवर एक खरबरीत ठिपका राहिला आहे. अजून एक सोयरीक बाकी होती. दुसरी समिती आली ती नेमकी फळांच्या दिवसांत. तिने दोन्ही ओळींतली फळे चाखली आणि सुधारित आदेश काढला : 'दर्जेदार झाडे राखावीत, निकृष्ट झाडे काढावीत.' राखायची झाडे म्हणजे खानावळ. काढायची झाडे म्हणजे सासूबाई आणि तिचा सगळा वंश. महोदय, परीक्षेला बसलेली सगळी मुले शाळेतून काढून टाकून फक्त भटारखाना चालू ठेवावा, असा हा निर्णय आहे. यापेक्षा वेगळे शब्द मला सापडत नाहीत.

८. दुसऱ्या अर्जात मी सुधारित आदेश मागे घेण्याची विनंती केली. उत्तर आले की रानवंशाची झाडे कीड-प्रतिकारक असल्याचा पुरावा द्यावा. आपल्या कीटकतज्ज्ञांनी पाहणी केली आणि लिहिले की खानावळीवर मावा नाही, रानवंशावरही मावा नाही, सबब दोहोंत फरक आढळत नाही. हे अक्षरशः खरे आहे. फवारणी झालेल्या बागेत कोणालाच फरक आढळला नसता, मलाही नाही.

मग मी तिसऱ्या अर्जात दोन गोष्टी मागितल्या. पहिली, झाडांची पाने आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तपासावीत. माझ्या काळी हे शक्य नव्हते, आता पानाच्या तुकड्यावरून जनुक आहे की नाही ते सांगता येते. प्रयोगशाळेतली मुलगी मला म्हणाली, "आजी, पान आणा, दोन दिवसांत सांगते." दुसरी मागणी, झाडे थंडीत निद्रिस्त असताना मला थोड्या काड्या काढू द्याव्यात, म्हणजे मी त्यांची कलमे दुसरीकडे जगवीन. याच झाडांच्या काड्यांची दुसरी कलमे पूर्वी केंद्राच्या दक्षिणेच्या बाजूला होती, तिथे अतिथीगृह झाले.

दोन्ही मागण्या एकाच कारणाने नाकारल्या गेल्या. कीडग्रस्त घोषित तुकड्यातून पान, काडी, फळ काहीही बाहेर नेण्यास मनाई आहे. म्हणजे पुरावा मागताना तुकडा कीडमुक्त असतो आणि काडी मागताना कीडग्रस्त असतो. पान प्रयोगशाळेत जाऊ शकत नाही आणि प्रयोगशाळा तुकड्यात येऊ शकत नाही. मी आपल्या लिपिकांना विचारले की हे दोन्ही एकाच वेळी कसे. ते मनाने चांगले आहेत. मला पाणी देऊन म्हणाले, "आजी, दोन टेबलं वेगळी आहेत हो."

थंडी अशी पत्रापत्रीत गेली. आता झाडे फुटली आहेत. कोवळ्या फुटीच्या काड्यांची कलमे धरत नाहीत, डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, भरायला अजून दोन-अडीच महिने हवेत. सोमवार तर तीन दिवसांवर आहे.

९. मी मंगळवारी कुंपणाबाहेरून तुकडा पाहिला. पहारेकऱ्याने आत सोडले नाही, ते त्याचे कर्तव्यच होते, पण त्याने आपले स्टूल मला बसायला दिले. खानावळीच्या बुंध्यांशी मुळांतून निघालेल्या फुटव्यांवर पांढरे ठिपके दिसू लागले आहेत. बिऱ्हाडे वर चढू लागली आहेत. माझी नजर आता अधू आहे म्हणून मी पहारेकऱ्यालाही पाहायला लावले. तो म्हणाला, "कापूस पडल्यासारखं दिसतंय खरं." मी विचारले, "आणि त्या पलीकडच्या ओळीत?" त्याने बराच वेळ निरखून पाहिले. "तिथं काही नाही, बाई." महोदय, आपल्या कीटकतज्ज्ञांना हवा असलेला फरक जमिनीतून स्वतः वर येतो आहे. पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत तो रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल. आणि तेव्हा, हा आदेश पाळला गेला, तर तिथे फक्त मावा असेल आणि त्याचे जेवण असेल.

घरी मुलगा समजावतो. "आई, झाडंच आहेत ती. पुन्हा कोणीतरी करेल." पुन्हा करायला ते रान हवे, ते राहिलेले नाही. आणि एका माणसाची नोकरी या चार पिढ्यांत संपते, हे मी माझ्यावरून सांगते. मोठे सर लेकीचे फळ पाहून गेले, नातीचे त्यांना पाहायला मिळाले नाही. शेवटच्या दिवसांत मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांना माझे नाव आठवत नव्हते, पण "यंदा बोळे कुठे बसले?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "खानावळीतच, सर." ते समाधानाने वळून झोपले.

१०. सबब माझी विनंती अशी. संपूर्ण तुकडा पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत जसा आहे तसा, फवारणी न करता ठेवावा. तेवढे शक्य नसेल तर रानवंशाची एकच ओळ आणि तिला लागून असलेली एकच खानावळ ठेवावी. ओळही शक्य नसेल तर कोपऱ्यातली सासूबाई आणि विहिरीजवळच्या चार पणत्या, बाकीची तोडावीत. मी नावे घेऊन कोणती तोडायची ते सांगेन, जरी ते सांगणे मला फार जड जाईल. पाच झाडेही शक्य नसतील तर काड्यांचे डोळे भरेपर्यंत थांबावे. तेही शक्य नसेल तर सोमवारऐवजी बुधवारी यंत्र लावावे आणि मधल्या दोन दिवसांत प्रयोगशाळेतल्या मुलीला तुकड्यात जाऊन, तिथेच उभे राहून पाने तपासायची सोय करू द्यावी.

यातले काहीच शक्य नाही असे जर आपले उत्तर असेल, आणि तीन उत्तरे वाचल्यानंतर मी त्याचीच मनाची तयारी केली आहे, तर एक शेवटची गोष्ट मागते. तिला समिती लागत नाही आणि तारीखही बदलावी लागत नाही. आपल्या आदेशाच्या तिसऱ्या ओळीत 'झाडे मुळासकट काढून टाकावीत' असे आहे. त्यातला 'मुळासकट' एवढा शब्द खोडावा.

खानावळीतली झाडे कलमी आहेत. तशी झाडे तोडली तर खालून, ज्यावर कलम बांधले तो दुसऱ्याच जातीचा खुंट फुटतो. पण पणत्या आणि त्यांच्या आया बियांपासून वाढलेल्या, आपल्याच मुळांवर उभ्या आहेत. त्यांना जमिनीपासून वीतभर वर कापले तर पुढच्या वसंतात बुंध्यातून जे फुटेल ते तेच झाड असेल, तेच जनुक घेऊन. सासूबाईचे तसे नाही, ती कलमी आहे, तिचा मी निरोप घेते. तिच्या जवळ होते ते तिने लेकींना देऊन टाकलेले आहे.

मी आपल्या कार्यालयात चौकशी केली. प्रमाणपत्रासाठी झाडे मोजतात, बुंधे मोजत नाहीत. सोमवारी संध्याकाळी रानवंशाच्या ओळी रिकाम्या दिसतील, समितीचे समाधान होईल, केंद्राच्या फाटकावर 'कीडमुक्त' ही पाटी लागेल आणि ती लागू दे. बुंधे फुटून फळायला चार-पाच वर्षे जातील. तोपर्यंत या खुर्चीत कदाचित आपणही नसाल, या बाकावर मी तर नक्कीच नसेन. ते फळ मला पाहायला मिळावे असा माझा आग्रह नाही. ठेकेदाराने यंत्राचा दात जमिनीत घालू नये, एवढाच आहे.

त्या शब्दावर आडवी रेघ मारून शेजारी सही केलीत तरी पुरेल. आदेशाची प्रत मी सोबत आणली आहे. कार्यालय बंद होईपर्यंत मी बाहेर बाकावर आहे.

निवृत्तीनंतरही याच केंद्राची म्हणवणारी,
आपली नम्र,
(सही)
निवृत्त पैदासकार, पैदास विभाग

दिनांक : ९ मे, शुक्रवार

सोबत :
१) माझ्या तीन अर्जांच्या व त्यांना आलेल्या तीन उत्तरांच्या प्रती.
२) उत्तरेच्या तुकड्याचा हाताने काढलेला नकाशा. खानावळीच्या ओळी निळ्या, रानवंशाच्या ओळी हिरव्या.
३) तोडीच्या आदेशाची प्रत. तिसऱ्या ओळीतला तो शब्द पेन्सिलने अधोरेखित केला आहे.
४) झाडाचे पान जोडता आले नाही. मनाई आहे.